सान मार्को : धर्मबंधू अँजेलिको यांचे फ्लॉरेन्समधील संग्रहालय

इटलीतील फ्लॉरेन्स शहरात जाणारा प्रवासी बहुधा दोन ठिकाणी रांगेत उभा राहतो : उफ्फिझी कलादालनासमोर आणि मायकेलअँजेलो यांचा 'डेव्हिड' जेथे आहे त्या अकादमीसमोर. अकादमीपासून चालत चार-पाच मिनिटांच्या अंतरावर सान मार्को नावाचा चौक आहे. चौकाच्या एका बाजूस चर्च आणि त्याला लागून एक जुना मठ आहे. या मठातच सान मार्को संग्रहालय आहे. एका चित्रकाराच्या कलाकृतींचा एवढा मोठा साठा एकाच छपराखाली असणारी संग्रहालये जगात थोडी आहेत. ज्या इमारतीसाठी चित्रकाराने काम केले, तिच्याच भिंतींवर ते अजून शाबूत आहे, अशी तर त्याहून थोडी. हा चित्रकार व्रतस्थ धर्मबंधू होता आणि पुढे ख्रिस्तसभेने त्याला धन्यवादित म्हणून मान्यता दिली. त्यामुळे आमच्या वाचकांना या स्थळाची ओळख करून देणे आम्हास अगत्याचे वाटते.

फ्रा अँजेलिको यांचे नाव अपरिचित वाटले तरी त्यांची चित्रे आपल्या घरात येऊन गेलेली आहेत. नाताळच्या शुभेच्छापत्रांवर सोनेरी पार्श्वभूमीवर कर्णा फुंकणारे, डफ वाजवणारे देवदूत आपण पाहिलेले असतात. ते बव्हंशी त्यांच्याच एका चित्राच्या चौकटीतून उचललेले असतात. सेमिनरीत असताना आमच्या प्रार्थनापुस्तकात देवदूताच्या निरोपाचे एक लहानसे चित्र खुणेसाठी ठेवलेले असे. ते कुणाचे, हे आम्हास पुष्कळ वर्षे ठाऊक नव्हते. पुढे फ्लॉरेन्सला जाण्याचा योग आला, मठाचा जिना चढून वर गेलो आणि तेच चित्र भिंतभर समोर उभे राहिले.

चित्रकाराचा परिचय

'फ्रा' म्हणजे बंधू. लॅटिनमधील 'फ्रातेर' या शब्दाचे ते लघुरूप आहे. 'अँजेलिको' म्हणजे देवदूतासारखा. हे नाव त्यांना मृत्यूनंतर लाभले. जन्मनाव ग्विदो दी पिएत्रो. फ्लॉरेन्सच्या उत्तरेस मुजेल्लो नावाचा डोंगराळ मुलूख आहे, तेथील विक्यो गावाच्या परिसरात 1395 च्या सुमारास त्यांचा जन्म झाला. 1417 च्या एका कागदपत्रात त्यांचा उल्लेख चित्रकार म्हणून येतो, तर 1423 मध्ये त्यांचे नाव 'फ्रा जोव्हान्नी' असे नोंदलेले आढळते. म्हणजे या सहा वर्षांच्या अवधीत त्यांनी फिएझोले येथील संत दोमिनिक यांच्या मठात प्रवेश केला. कला शिकून मग ते मठात आले. मठात येऊन कला शिकलेले नव्हेत. हा तपशील लक्षात ठेवण्याजोगा आहे. व्यवसाय हातात असताना, पैसा मिळू लागला असताना त्यांनी दारिद्र्याचे व्रत घेतले. त्यांचे बंधू बेनेदेत्तो हेही त्याच मठात होते आणि ते हस्तलिखिते लिहीत.

फिएझोलेचा हा मठ डॉमिनिकन संघातील सुधारणावादी शाखेचा होता. संघाचा मूळ नियम काटेकोरपणे पाळावा, मालमत्ता बाळगू नये, मध्यरात्री उठून प्रार्थना म्हणावी, मौन राखावे असा या शाखेचा आग्रह होता. आपल्या भागातील वाचकांना डॉमिनिकन संघ अगदीच परका नाही. वसईच्या किल्ल्यात या संघाचा मठ होता आणि त्याच्या चर्चचे भग्नावशेष आजही उभे आहेत.

जॉर्जो वासारी यांनी 1550 मध्ये प्रसिद्ध केलेल्या चित्रकारांच्या चरित्रसंग्रहात फ्रा अँजेलिको यांच्याविषयी काही हृद्य गोष्टी सांगितल्या आहेत. प्रार्थना केल्याशिवाय ते कुंचला हाती धरीत नसत; क्रूसावरील ख्रिस्त रंगवताना त्यांच्या गालांवरून अश्रू ओघळत; एकदा काढलेले चित्र ते पुन्हा दुरुस्त करीत नसत, कारण ते तसेच असावे ही देवाची इच्छा आहे असे ते मानीत. या गोष्टी प्रवचनांतून आम्हीही सांगितल्या आहेत. परंतु त्या शब्दशः घेऊ नयेत. वासारी यांनी हे लिहिले तेव्हा चित्रकाराला जाऊन जवळजवळ शतक लोटले होते. आधुनिक अभ्यासातून दिसणारे चित्र वेगळे आहे. फ्रा अँजेलिको यांच्या हाताखाली बेनोत्सो गोत्सोलींसारखे कसलेले साहाय्यक होते. ते मोठी कंत्राटे घेत, करारपत्रे करीत, समकालीन चित्रकारांनी शोधलेले दूरस्थ-निकटस्थ दर्शविण्याचे नवे तंत्र त्यांना उत्तम अवगत होते. भोळाभाबडा साधू स्वप्नात चित्रे पाहतो आणि उठून रंगवतो, हा समज मोहक असला तरी त्यात त्या कारागिराच्या श्रमांचा अपमान आहे, असे आमचे नम्र मत आहे.

मठ कसा उभा राहिला

सान मार्कोची जागा पूर्वी सिल्व्हेस्त्रीन संघाच्या मठवासीयांकडे होती. 1436 मध्ये पोप युजीन चौथे यांनी ती फिएझोलेच्या डॉमिनिकनांना दिली. इमारत मोडकळीस आलेली होती. ती नव्याने बांधण्याचा खर्च कोसिमो दे मेदिची यांनी उचलला. कोसिमो म्हणजे फ्लॉरेन्सचे सर्वांत धनाढ्य सराफ आणि पद नसतानाही शहराचे खरे सत्ताधीश. सावकारीच्या पापाचे ओझे त्यांच्या मनावर होते आणि मठाचे बांधकाम हे त्याचे प्रायश्चित्त होते, असे सांगितले जाते. मिकेलोत्सो या वास्तुविशारदाने 1437 पासून काम सुरू केले. 6 जानेवारी 1443 रोजी, प्रभुप्रकटीकरणाच्या सणाला, पोप युजीन यांच्या उपस्थितीत चर्चचे पवित्रीकरण झाले.

ही सगळी वर्षे फ्रा अँजेलिको आणि त्यांचे साहाय्यक भिंती रंगवत होते. गवंडी पुढे, चित्रकार मागे, अशी ती वाटचाल असावी. भित्तिचित्र काढण्याची रीत अशी की, भिंतीवर चुन्याचा शेवटचा पातळ गिलावा एका दिवसात रंगवून होईल तेवढाच लावायचा आणि तो ओला आहे तोवर पाण्यात कालवलेला रंग त्यावर चढवायचा. गिलावा सुकताना रंग चुन्यात बांधला जातो आणि भिंतीचाच भाग बनतो. संध्याकाळपर्यंत जे झाले नाही ते खरवडून काढावे लागे. काम घाईचे असले तरी हाताला घाई करून चालत नसे. दुरुस्ती न करण्याविषयीची वासारींची कथा कदाचित या तंत्रातूनच जन्मली असावी.

मठाचे प्रायर म्हणून त्या काळात फ्रा अंतोनिनो काम पाहत होते. 1446 मध्ये ते फ्लॉरेन्सचे आर्चबिशप झाले आणि 1523 मध्ये त्यांना संतपद देण्यात आले. पोपमहोदयांनी हे पद प्रथम फ्रा अँजेलिको यांना देऊ केले होते आणि त्यांनीच आपल्याऐवजी अंतोनिनो यांचे नाव सुचवले, अशीही एक आख्यायिका आहे. गरिबीत आलेली पण हात पसरण्यास लाजणारी कुटुंबे शोधून त्यांना गुपचूप मदत पोहोचवणारे बारा जणांचे मंडळ अंतोनिनो यांनी 1442 मध्ये स्थापन केले. संत व्हिन्सेंट दी पॉल सोसायटीच्या कार्यकर्त्यांना हे काम ओळखीचे वाटेल.

खोल्यांतील चित्रे

वरच्या मजल्यावर चाळीसहून अधिक लहान खोल्या आहेत. प्रत्येक खोलीत एक लहान खिडकी आणि तिच्या शेजारी भिंतीवर एक भित्तिचित्र. पूर्वी एक खाट आणि एक बाकडे असावे. आता खोल्या रिकाम्या आहेत. पाहणाऱ्याने उंबरठ्यावर उभे राहून आत डोकवायचे.

जिन्याच्या माथ्यावर देवदूताच्या निरोपाचे मोठे चित्र आहे. एक साधी ओसरी, तिचे सडपातळ खांब, डावीकडे कुंपण घातलेली बाग, रंगीत पट्ट्यांचे पंख असलेला गब्रिएल आणि तिपाईवर बसलेली पवित्र मरिया. ओसरीचे खांब मिकेलोत्सो यांनी याच मठात बांधलेल्या खांबांसारखे आहेत. जणू निरोप नाझरेथला नव्हे, खालच्या अंगणातच आला. चित्राच्या तळाशी लॅटिनमध्ये एक सूचना लिहिलेली आहे : या कुमारिकेच्या प्रतिमेसमोरून जाताना 'नमो मरिये' म्हणण्यास विसरू नये. दिवसातून कित्येकदा हा जिना चढणाऱ्या धर्मबंधूंसाठी ती आठवण होती. आम्ही तेथे उभे होतो तेव्हा एक वयस्क बाई आली, क्षणभर थांबली, तिचे ओठ हलले आणि ती पुढे गेली. बाकीचे छायाचित्र काढण्यात गुंतले होते. आम्हीही त्यांच्यातच होतो, हे कबूल केले पाहिजे.

तिसऱ्या खोलीत तोच प्रसंग पुन्हा रंगवलेला आहे, पण येथे बाग नाही, फुले नाहीत, नक्षी नाही. पांढऱ्या कमानीखाली देवदूत उभा, मरिया गुडघे टेकून आणि मागे उघडी भिंत. एका बाजूस हुतात्मा संत पीटर हे डॉमिनिकन संत हात जोडून पाहत आहेत. वाटेवरचे चित्र जाणाऱ्या-येणाऱ्यांसाठी होते. खोलीतील चित्र एकाच माणसासाठी, त्याला ते वर्षानुवर्षे रोज पाहायचे होते. म्हणून त्यातून जेवढे काढून टाकता येईल तेवढे चित्रकाराने काढून टाकले.

सातव्या खोलीतील चित्र पाहून पुष्कळ जण चकित होतात. प्रभू येशूच्या डोळ्यांवर पांढरी पट्टी बांधलेली आहे, हातात राजदंड म्हणून बोरू. भोवती सैनिक नाहीत. हवेत तरंगणारे काही हात आहेत, ते मारत आहेत. एक मुंडके आहे, ते थुंकत आहे आणि त्याचाच हात उपहासाने टोपी उचलत आहे. एवढेच. खाली पायरीवर पवित्र मरिया दुःखाने तोंड फिरवून बसली आहे आणि दुसऱ्या बाजूस संत दोमिनिक मांडीवर पुस्तक उघडून शांतपणे वाचत आहेत. विसाव्या शतकातील अतिवास्तववादी चित्रकारांची कुणाला आठवण व्हावी, असे हे दृश्य. परंतु त्यामागील विचार मठातलाच आहे. संत दोमिनिक तो प्रसंग प्रत्यक्ष पाहत नाहीत. ते दुःखसहनाचा वृत्तान्त वाचत आहेत आणि वाचता वाचता मनासमोर जे उमटते ते आपल्याला वर दिसते. मनन करणाऱ्याला सैनिकाचा अंगरखा, मिशी, नाव आठवत नाही. त्याला थप्पड आठवते, थुंकी आठवते. मनन म्हणजे काय हे सेमिनरीत आम्हाला तासन्‌तास समजावले गेले. या भिंतीवर ते एका दृष्टिक्षेपात समजते.

सहाव्या खोलीत रूपांतराचा प्रसंग आहे. शुभ्र तेजात उभ्या प्रभूचे दोन्ही बाहू आडवे पसरलेले आहेत. डोंगरावरील वैभवातच क्रूस दाखवलेला आहे, शब्दाने काही न सांगता. पहिल्या खोलीत पुनरुत्थित प्रभू आणि मरिया माग्दालेना बागेत भेटतात. तेथील हिरवळीवर उमललेली लाल फुले आणि प्रभूच्या हातापायांवरील जखमा एकाच लाल रंगाच्या ठिपक्यांनी काढल्या आहेत, असे अभ्यासक दाखवून देतात. आम्ही ते जवळून पाहण्याचा प्रयत्न केला, पण दोरीपलीकडे जाता येत नाही.

नवशिष्यांच्या ओळीतील खोल्यांत मात्र विविधता नाही. तेथे प्रत्येक भिंतीवर क्रूसावरील ख्रिस्त आणि पायथ्याशी संत दोमिनिक आहेत. फरक एवढाच की, दोमिनिक यांची मुद्रा बदलते. कुठे हात जोडलेले, कुठे चेहरा हातांत लपवलेला, कुठे बाहू पसरलेले, कुठे पाठीवर आसूड ओढत असलेले. संत दोमिनिक कोणकोणत्या प्रकारे प्रार्थना करीत, याचे वर्णन करणारी एक लहान पुस्तिका तेराव्या शतकापासून संघात प्रचलित होती. तिच्यात नऊ पद्धती सांगितल्या आहेत. त्याच या भिंतींवर उतरल्या आहेत. नवख्या मुलाला शरीराने प्रार्थना कशी करावी हे शिकवण्यासाठी ही चित्रे होती. वर्गातला तक्ताच म्हणा ना.

सगळ्याच खोल्या फ्रा अँजेलिको यांनी स्वतः रंगवलेल्या नाहीत. पूर्वेकडील ओळीतील उत्तम चित्रे त्यांच्या हातची आहेत, याविषयी साधारण एकमत आहे. उरलेल्यांत आराखडा त्यांचा आणि हात साहाय्यकांचा असावा. काही खोल्यांतील चित्रे खरोखर सामान्य आहेत, हेही सांगितले पाहिजे.

कोसिमो यांच्यासाठी राखलेली खोली उत्तरेकडच्या ओळीत शेवटी आहे. ती दुहेरी आहे, वर-खाली दोन दालने. आतल्या भिंतीवर तीन ज्ञानी राजांनी बालयेशूला केलेले वंदन आहे. सराफाला राजांचे चित्र! पण त्यातला सर्वांत वयोवृद्ध राजा जमिनीवर लोटांगण घालून बालकाच्या पावलाचे चुंबन घेत आहे. 1443 च्या त्या सणाच्या रात्री पोप युजीन याच खोलीत मुक्कामाला होते.

या खोलीकडून परत येताना पूर्वेच्या वाटेवर 'छायांची माता' नावाचे चित्र लागते. मरिया, बाळ आणि दोन्ही बाजूंना संत. रंगवलेल्या खांबांच्या माथ्यांच्या सावल्या अशा पाडल्या आहेत की, वाटेच्या टोकाच्या खऱ्या खिडकीतून येणारा प्रकाशच त्यांवर पडला आहे असे वाटावे. नाव त्यावरून पडले. या चित्रातील संत दोमिनिक यांच्या हातात उघडे पुस्तक आहे आणि त्यातील अक्षरे वाचता येतात. प्रीती बाळगा, नम्रता राखा, स्वेच्छेने दारिद्र्य पत्करा, असा त्यांचा आशय आहे. आणि पुढे : जो या संघात मालमत्ता आणील त्याला देवाचा आणि माझा शाप असो. मेदिचींच्या पैशाने बांधलेल्या मठात, मेदिचींच्या खोलीपासून थोड्याच अंतरावर हे रंगवलेले आहे. ते कुणाला उद्देशून होते? देणगीदाराला की घेणाऱ्यांना? आम्हास वाटते, घेणाऱ्यांना. देणग्यांतून उभ्या राहिलेल्या इमारतींत राहणाऱ्या आम्हा धर्मगुरूंना ते वाचताना चटका बसतो.

तळमजला

खाली मठाच्या सभागृहात क्रूसारोहणाचे प्रचंड भित्तिचित्र आहे. रुंदी साडेनऊ मीटरच्या आसपास. क्रूसाच्या पायथ्याशी पवित्र मरिया व तिच्या सोबतच्या स्त्रिया आहेत आणि दोन्ही बाजूंना शतकानुशतकांचे संत एकत्र जमले आहेत : ऑगस्टिन, बेनेडिक्ट, बर्नार्ड, फ्रान्सिस, थॉमस अक्वायनस. पार्श्वभूमीचे आकाश विचित्र तांबूस-करडे दिसते. चित्रकाराने ते तसे ठेवले नव्हते. वर चढवलेला निळा रंग कालांतराने गळून गेला आणि त्याखालचा थर उघडा पडला. पुष्कळ पर्यटक त्या लाल आकाशाचा गूढ अर्थ लावत बसतात.

पूर्वीच्या अतिथीगृहात लाकडी फळ्यांवरील चित्रे मांडलेली आहेत. ती मुळात या मठातील नव्हेत. निरनिराळ्या चर्चमधून आली आहेत. सांता त्रिनिता चर्चसाठी रंगवलेले 'प्रभूला क्रूसावरून उतरवताना' हे चित्र त्यांत अग्रगण्य आहे. लोरेन्झो मोनाको या चित्रकाराने ते सुरू केले होते, पण काम पुरे होण्याआधी त्यांचे निधन झाले. वरच्या टोकदार कमानींतील चित्रे त्यांची आहेत. काम देणारे पाल्ला स्त्रोत्सी हे कोसिमो यांचे प्रतिस्पर्धी. 1434 मध्ये कोसिमो सत्तेवर येताच त्यांना शहरातून हद्दपार करण्यात आले. चित्र मात्र राहिले.

शुभेच्छापत्रांवरील ते वादक देवदूत येथेच भेटतात. तागाच्या कापडाच्या व्यापाऱ्यांच्या संघटनेने 1433 मध्ये हे काम दिले. संगमरवरी चौकटीचा आराखडा लोरेन्झो गिबेर्ती यांनी केला होता. करारपत्र उपलब्ध आहे. सोने, निळा आणि रुपेरी रंग उत्तमातले उत्तम वापरावेत अशी अट त्यात आहे आणि मोबदला 190 सोन्याचे फ्लोरिन ठरला, किंवा चित्रकाराला स्वतःच्या सद्सद्विवेकबुद्धीनुसार वाटेल तेवढा कमी. व्यापाऱ्यांच्या करारात अशी ओळ सहसा नसते. समोरचा माणूस व्रतस्थ आहे हे त्या व्यापाऱ्यांनी जाणले होते; आणि त्याचा फायदा घेण्याचाही विचार त्यात असावा, अशी शंका आमच्या मनात येऊन गेली.

अंतिम न्यायाचे चित्र 1431 च्या सुमाराचे. स्वर्गाच्या बागेत देवदूत तारलेल्यांचा हात धरून फेर धरत आहेत. आपल्याकडच्या लग्नातला आनंद त्यात आहे. नरकाच्या बाजूला ढकलल्या जाणाऱ्यांत मुकुटधारी आहेत तसेच मुंडन केलेले मठवासीही आहेत. हे चित्र एका मठाच्या चर्चमध्ये मिस्सा अर्पण करणाऱ्या धर्मगुरूच्या आसनावर बसवलेले होते.

सान मार्को चर्चच्या मुख्य वेदीसाठी केलेले चित्रही आता येथे आहे. त्याची कहाणी दुःखद आहे. पूर्वी कधीतरी ते दाहक द्रव्याने धुतले गेल्याने वरचा नाजूक रंग झिजला. तळपट्टीत संत कोस्मास व दमियान या वैद्य-हुतात्म्यांच्या जीवनातील लहान लहान दृश्ये होती. ती सुटी करून विकली गेली. आज त्यांतील दोनच सान मार्कोत आहेत, उरलेली म्युनिक, डब्लिन, पॅरिस आणि वॉशिंग्टन येथे. बाजूच्या खांबांवरील दोन लहान संतचित्रे 2006 मध्ये इंग्लंडमधील एका घरात दाराआडच्या भिंतीवर सापडली. सप्टेंबर 2025 ते जानेवारी 2026 या काळात फ्लॉरेन्समधील पालाझ्झो स्त्रोत्सी आणि सान मार्को येथे भरलेल्या मोठ्या प्रदर्शनासाठी या विखुरलेल्या तुकड्यांपैकी बहुतेक एकत्र आणले गेले. प्रदर्शन संपले आणि ते आपापल्या मालकांकडे परतले. इटलीवासीयांना हसण्याचा अधिकार आम्हास नाही. आपल्याकडेही जुन्या लाकडी वेदीवर ऑइलपेंट फासणारे आणि 'जुनाट' मूर्ती भंगारवाल्याला देणारे उत्साही कार्यकर्ते आम्ही पाहिले आहेत.

मठाचे संग्रहालय कसे झाले

फ्रा अँजेलिको 1445 च्या सुमारास रोमला गेले. तेथे पोप निकोलास पाचवे यांच्या खासगी प्रार्थनामंदिरात त्यांनी संत स्तेफन व संत लॉरेन्स यांची जीवनदृश्ये रंगवली. मध्यंतरी 1450 ते 1452 या काळात ते फिएझोलेच्या मठाचे प्रायर होते. 18 फेब्रुवारी 1455 रोजी रोममध्ये त्यांचे निधन झाले आणि सांता मारिया सोप्रा मिनेर्वा चर्चमध्ये त्यांना पुरण्यात आले. चित्रांमुळे नव्हे, तर मिळकत ख्रिस्ताच्या गरिबांना दिली म्हणून आपली आठवण व्हावी, अशा आशयाचा लेख त्यांच्या समाधीवर आहे.

मठाच्या नशिबी मात्र शांतता नव्हती. 1491 मध्ये साव्होनारोला हे धर्मबंधू प्रायर झाले. त्यांच्या जळजळीत प्रवचनांनी शहर हादरले. 7 फेब्रुवारी 1497 रोजी त्यांच्या अनुयायांनी चैनीच्या वस्तूंची प्रचंड होळी केली. वर्षभरातच वारे फिरले. एप्रिल 1498 मध्ये जमावाने मठावर हल्ला केला, साव्होनारोला पकडले गेले आणि 23 मे रोजी दोन सहकाऱ्यांसह त्यांना फाशी देऊन जाळण्यात आले. त्यांच्या खोल्याही संग्रहालयात पाहता येतात. साव्होनारोला यांच्याविषयी येथे अधिक लिहीत नाही. तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

नेपोलियनच्या राजवटीत 1808 मध्ये मठ बंद झाला, पुढे तो धर्मबंधूंना परत मिळाला. नव्या इटालियन राज्याने 1866 मध्ये धार्मिक संघांची मालमत्ता ताब्यात घेतली आणि 1869 मध्ये सान मार्कोचा जुना भाग संग्रहालय म्हणून उघडण्यात आला. 1921 च्या सुमारास उफ्फिझी आणि अकादमीतील फ्रा अँजेलिको यांची लाकडी चित्रे येथे आणली गेली आणि संग्रहालयाला आजचे रूप आले. लोकांना पुस्तके वाचता यावीत म्हणून 1444 च्या सुमारास मिकेलोत्सो यांनी बांधलेले, निक्कोलो निक्कोली या विद्वानाच्या हस्तलिखितांनी समृद्ध झालेले ग्रंथालयही वरच्या मजल्यावर आहे. सार्वजनिक ग्रंथालयांच्या इतिहासात त्याचे नाव प्रथम घेतले जाते.

राज्याने मठ घेतला हा धर्मबंधूंवर अन्याय होता, याविषयी आमच्या मनात संदेह नाही. ज्यांच्यासाठी ही चित्रे काढली त्यांच्या हातातून ती गेली. तरीही प्रामाणिकपणे सांगावयाचे तर, चित्रे आज सुस्थितीत आहेत ती संग्रहालयामुळे. वेदीचित्राची पट्टी तोडणारे हात सरकारी अधिकाऱ्यांचेच होते असे कुणी म्हणू शकणार नाही. आणि भिंतीवरील चित्रे आपले काम अजून करतात. तिकीट काढून आलेला, कोणत्याही धर्माचा किंवा धर्म न मानणारा माणूस सातव्या खोलीच्या दारात येऊन थबकतो, त्याचा आवाज आपोआप खाली येतो. त्याला आपण काय पाहत आहोत हे कुणी सांगितलेले नसते.

पोप जॉन पॉल दुसरे यांनी 1982 मध्ये 'धन्यवादित' या उपाधीसह त्यांच्या स्मरणोत्सवाला अधिकृत मान्यता दिली आणि 18 फेब्रुवारी 1984 रोजी, मिनेर्वा चर्चमध्ये त्यांच्या समाधीपाशी, त्यांना कलावंतांचे, विशेषतः चित्रकारांचे आश्रयदाते म्हणून घोषित केले. त्यांचा स्मृतिदिन 18 फेब्रुवारीला साजरा होतो. आपल्या धर्मग्रामांत चित्र काढणारी, गोठा सजवणारी, नाटकाचे पडदे रंगवणारी मुले पुष्कळ आहेत. त्या दिवशी त्यांच्यासाठी एखादी मिस्सा अर्पण करता येईल.

रोमला यात्रेला जाणाऱ्या आपल्या मंडळींच्या कार्यक्रमात फ्लॉरेन्ससाठी बहुधा अर्धाच दिवस असतो. त्यातील एक तास सान मार्कोला द्यावा, असे आम्ही सुचवतो. उघडण्याच्या वेळा आधी तपासून घ्याव्यात. आत शिरताच पहिल्या अंगणात चहूबाजूंनी कमानी लागतात. एका दारावर हुतात्मा संत पीटर ओठांवर बोट ठेवून मौनाची खूण करीत आहेत. अतिथीगृहाच्या दारावर एक थकलेला यात्रेकरू आहे, हातात काठी. दोन डॉमिनिकन धर्मबंधू पुढे होऊन त्याचा हात धरत आहेत. यात्रेकरू म्हणजे प्रभू येशू. हेच दार आता चित्रांच्या मुख्य दालनात उघडते आणि प्रत्येक पाहुण्याला त्याच्याखालूनच आत जावे लागते.